भीती जाईपर्यंत थांबायचं का?

एका वाचक भगिनीच्या पत्राचा सारांश:

'माझं वय ४१. शाळेत गणित शिकवते. पती आणि दोन मुलं आहेत. गेली दोन वर्षं प्रार्थनेला बसलं की एकच गोष्ट मनात येते, गंभीर आजारी माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटायची सेवा. माझ्या मनातलं ठाऊक नसतानाही आमच्या पाळकांनी दोनदा हेच सुचवलं. दोन्ही वेळा मी "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं. मला भीती वाटते. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसापुढे तोंडातून भलतंच काही गेलं तर? चार लोकांत मोठ्यानं प्रार्थना करतानाही माझा आवाज कापतो. चार वर्षांपूर्वी वडील हॉस्पिटलमध्ये वारले, तेव्हापासून हॉस्पिटलच्या जिन्यावर पाय ठेवला की पोटात गोळा येतो. एक मैत्रीण म्हणते, पाचारण, म्हणजे सेवेचं बोलावणं, देवाकडचं असेल तर मनाला शांती असते. तुला नाही, म्हणजे ते पाचारण नाहीच. दुसरी म्हणते, तू योनासारखी पळतेस, एक दिवस वादळ येईल. पती म्हणतात, तुला योग्य वाटेल ते कर. नोकरी सोडून चॅप्लेनचं, म्हणजे हॉस्पिटलातल्या पाळकीय सेवेचं, प्रशिक्षण घ्यावं का, हेही डोक्यात घोळतं. मी कोणाचं ऐकू?'

तुमच्या मैत्रिणी दोन टोकांचं बोलतात, पण दोघींनी एक गोष्ट धरूनच ठेवली आहे, आणि पत्रावरून वाटतं की तुम्हीही ती मान्य केली आहे: भीती म्हणजे देवाचा निरोप. एकीच्या मते निरोप 'जाऊ नकोस' असा, दुसरीच्या मते 'पळू नकोस' असा. मला वाटतं, भीती हा निरोपच नाही. समोरच्या कामात काहीतरी मोलाचं आहे आणि ते आपल्या हातून बिघडू शकतं, एवढंच ती सांगते. मरणाच्या दारातल्या माणसाजवळ बसायचं म्हटल्यावर ज्याला काहीच वाटत नाही, त्याला त्या खोलीत पाठवताना मी दोनदा विचार करेन.

आधी योनाचं बघू, कारण त्याच्या नावानं घाबरलेल्या माणसांना फार छळलं जातं. देवानं या संदेष्ट्याला निनवे शहरात जायला सांगितलं आणि तो उलट दिशेला पळाला. तो भीतीपोटी पळाला असं सर्रास सांगितलं जातं, पण बायबलमधल्या योनाच्या पुस्तकात तसं नाही. चौथ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तो स्वतःच कारण सांगतो: देव कृपाळू आहे, या लोकांना तो क्षमा करील, हे त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो तार्शीशच्या दिशेनं पळाला. निनवेची माणसं वाचायला नको होती त्याला. तुम्हाला आजारी माणसांविषयी असं काही वाटतं का? नाही ना? मग ती गोष्ट तुमची नव्हे. शिवाय तिसऱ्या अध्यायात परमेश्वराचं वचन त्याच्याकडे दुसऱ्यांदा येतं, तेव्हा मागच्या पळण्याबद्दल एक शब्दही निघत नाही. ऊठ, निनवेला जा, एवढंच. दोनदा 'पुढच्या वर्षी' म्हटलं म्हणून घरात कुणाला काही होईल अशी धास्ती मनाच्या कोपऱ्यात असेल, तर ती आजच काढून टाका. धास्तीपोटी केलेल्या रुग्णसेवेत आजारी माणूस बाजूला राहतो, आणि आपण स्वतःचा जीव वाचवायला तिथं जातो.

शांतीचं म्हणणं जास्त अवघड, कारण त्यात तथ्य आहे. देवाच्या इच्छेत शांती असते. पण ती आधी मिळायलाच हवी, हा नियम गेथशेमाने बागेत, येशूच्या अटकेच्या रात्री, टिकत नाही. तिथं येशू अतिशय खिन्न आणि व्याकूळ आहे, तीच प्रार्थना तीनदा करतो, घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडतो असं लूक लिहितो. दुःखाचा जो प्याला टळावा म्हणून तो प्रार्थना करतो, तो काही टळला नाही. मनात खळबळ असणं हीच खूण धरली, तर त्या रात्री येशूही चुकीच्या वाटेवर होता असं म्हणावं लागेल. अंगावर येणाऱ्या कामात शांती पुष्कळदा पाऊल टाकल्यानंतर येते, त्यामुळे तिचा शोध भेटीच्या आदल्या रात्री घेऊन उपयोग नाही. भेटीनंतरच्या दिवशी घ्या.

आता मोशे. इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढ, असं देव सांगतो तेव्हा जळत्या झुडपापुढे तो पाच सबबी सांगतो. मी असा कोण? तुझं नाव काय म्हणून सांगू? त्यांनी विश्वास ठेवला नाही तर? मी बोलका नाही. आणि पाचवी, कृपा करून दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या चार वेळा देव चिडत नाही. प्रत्येक शंकेला उत्तर देतो, खुणा देतो. राग येतो तो पाचव्या वेळी, कारण तिथं शंका संपलेल्या असतात आणि उरतो तो नुसता नकार. भीती आणि नकार यांत एवढं अंतर आहे. तुमचं पत्र मला पहिल्या चारांतलं वाटतं. पाचवं वाक्य तुम्ही अजून उच्चारलेलं नाही. आणि रागावल्यावरही देव काय करतो? त्याच दमात सांगतो की तुझा भाऊ अहरोन तुला भेटायला निघाला आहे.

याहून स्पष्ट जागा बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात आहे, आणि ती फारशी वाचली जात नाही. मिद्यानी सैन्याशी लढायला निघालेल्या गिदोनानं देवाकडून खूण म्हणून लोकरीची परीक्षा दोनदा घेतलेली आहे, सैन्य ३०० वर आलेलं आहे, आणि लढाईच्याच रात्री, हल्ल्याआधी, देव त्याला म्हणतो की शत्रूच्या छावणीत उतरायला भीत असशील, तर आपला सेवक पुरा याला बरोबर घे, खाली जा आणि ते काय बोलतात ते ऐक. 'अजून भितोसच का?' असं देव विचारत नाही. पुढच्याच वचनात गिदोन पुराला घेऊन निघतो. म्हणजे भीती होती! ती तशीच असताना तो गेला, फक्त एकटा गेला नाही, आणि त्या पहिल्या फेरीत त्याच्याकडून लढाईही मागितली नव्हती. जायचं आणि ऐकायचं, एवढंच काम होतं.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दिसू लागतं. मरीया देवदूताला हो म्हणते आणि लगेच अलीशिबेच्या घरी जाऊन सुमारे तीन महिने राहते. येशू बारा जणांना दोघा दोघांनी पाठवतो. यरुशलेममधले शिष्य पूर्वी त्यांचा छळ करणाऱ्या शौलाला (पुढचा पौल) भिऊन दूर राहतात, तेव्हा बर्णबा त्याचा हात धरून आत नेतो. देवानं आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, हे पौलानं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलेलं वचन घाबरलेल्यांवर छडीसारखं उगारलं जातं. पण पौल ते वाक्य लिहिण्याआधी तीमथ्याला त्याची आजी लोईस, आई युनिके आणि डोक्यावर ठेवलेले हात यांची आठवण करून देतो. चौथ्या शतकात नाझियान्झसचे ग्रेगरी वडिलांच्या आग्रहाखातर पाळकपदाची दीक्षा झाल्यावर घाबरून पळाले, तेसुद्धा आपला मित्र बेसिल याच्याकडे, आणि ३६२ च्या ईस्टरपर्यंत परतले.

तुमच्या पत्रात मात्र बरोबर येणारं दुसरं माणूस कुठेच नाही. त्या खोलीत तुम्ही स्वतःला एकटंच उभं केलं आहे. 'माझी भीती कधी जाईल' हा प्रश्न दोन वर्षं विचारून झाला. आता 'मी कोणाबरोबर जाऊ' हा विचारून बघा.

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही भीती एकाच पिशवीत बांधून ठेवल्या आहेत, त्या सोडवल्या पाहिजेत. तिघींचा उपाय वेगळा आहे.

भलतंच बोलण्याची भीती ही न शिकलेल्या कामाची भीती आहे, आणि काम शिकता येतं. ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर, म्हणजे 'हे का झालं' याचं कारण सांगायला लागल्यावर. तेवढं एक टाळलंत तरी बरंच निभावतं. भेट १५ ते २० मिनिटांची ठेवा. आधी घरच्यांना किंवा नर्सला विचारा की आत्ता जाणं योग्य आहे का. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. हात धुवा, दारावर टकटक करा, नाव सांगा, आणि 'थोडा वेळ बसू का?' असं विचारा. नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. आजारी माणसाच्या हातात 'नको' म्हणण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पलंगावर बसू नका, खुर्ची ओढून त्यांच्या नजरेच्या उंचीवर बसा. 'आज कसं चाललंय?' एवढा प्रश्न पुरे. उत्तरानंतर गप्प राहायची सवय करा. सुरुवातीला ती शांतता फार लांब वाटते, पण आजारी माणसं पुष्कळदा तिच्या शेवटीच खरं बोलतात. 'सगळं बरं होईल', 'देवाची काहीतरी योजना असेल', 'निदान अमुक तरी झालं नाही' ही तीन वाक्यं घरी ठेवून जा. बरं होण्याचं वचन देऊ नका, औषधाबद्दल मत देऊ नका. रडू आलं तर येऊ द्या, पण तुम्हाला सावरण्याचं काम त्यांच्यावर पडेल इतकं नको. 'दहा मिनिटांत निघते' म्हटलं असेल तर दहा मिनिटांत उठा. तिथं ऐकलेलं बाहेर कुणाला सांगू नका, प्रार्थनेचा विषय म्हणून मंडळीत मांडायचं असलं तरी आधी त्यांना विचारा. भेटीची बातमी प्रार्थनासभेत मोठ्या मनानं सांगितली जाते आणि विश्वास तुटतो, असं फार वेळा होतं.

आवाज कापण्याची भीती सर्वांत लहान. प्रार्थना करू का, हे आधी विचारा. मग कोणासाठी, कशासाठी, हेही त्यांनाच विचारा. आयत्या वेळी शब्द सुचत नसतील तर लिहून न्या, नाहीतर सरळ स्तोत्र वाचा. तेविसाव्या स्तोत्रात सहा वचनं आहेत, सावकाश वाचलं तरी मिनिटभर लागतं. खोल खड्ड्यातून हाक मारावीशी वाटत असेल तर १३० वं स्तोत्र आहे, त्यात आठ वचनं. कापऱ्या आवाजात वाचलेलं स्तोत्र कोणाला खटकत नाही.

तिसरी भीती मात्र वेगळी आहे. जिन्यावर येणारा गोळा हा तुमच्या वडिलांचा शोक आहे आणि तो मान देऊन हाताळायला हवा. 'प्रभूवर भरवसा ठेव आणि चढ' असं तुम्हाला कोणी सांगेल, ऐकू नका. शोक अर्धवट राहिलेला माणूस परक्या रुग्णाजवळ बसतो, तेव्हा नकळत आपल्याच माणसाला भेटत असतो. मग वडिलांशी जे बोलायचं राहून गेलं ते तो या रुग्णाकडून बोलवून घ्यायला बघतो. एक साधी पडताळणी करा. विश्वासातल्या कोणाला तरी वडिलांचा शेवटचा दिवस सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा. मध्येच विषय बदलावासा वाटला, किंवा सांगायला लागल्यावर थांबताच आलं नाही, तर आधी समुपदेशकाकडे जा आणि रुग्णभेटी तोवर थांबवा. श्वास कोंडणं, थरथर, रात्रीची झोप उडणं असं काही होत असेल तर डॉक्टरांनाही दाखवा. यातलं काही नसेल, नुसती कालवाकालव असेल, तर सुरुवात हॉस्पिटलपासून करू नका. घरी अंथरुणाला खिळलेली माणसं असतात, त्यांच्यापासून करा. ज्या हॉस्पिटलात वडील गेले ते सर्वांत शेवटी, आणि तिथं कधीच गेला नाहीत तरी सेवा अपुरी ठरत नाही. पण हा शोक म्हणजे अपात्रता, असंही समजू नका. १९२५ मध्ये अँटन बॉइसन यांनी पाळकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हॉस्पिटलात, रुग्णांमध्ये शिकायला आणलं. ते स्वतः मानसिक आजारासाठी रुग्णालयात राहिलेले होते, आणि रुग्णांकडून शिकायचं असतं ही त्यांची दृष्टी तिथूनच आली.

आता पाऊल. नोकरी सोडायची की पाचारण नाकारायचं, असे दोनच दरवाजे तुम्ही मांडले आहेत. बारा आठवड्यांचा एक तिसरा दरवाजा उघडा. आठवड्याला एक भेट, नेहमी एकाच अनुभवी जोडीदारासह, आणि शेवटची तारीख आजच ठरवलेली. पहिल्या तीन भेटींत तुम्ही फक्त बसा, बोलणं जोडीदाराचं. चौथीपासून स्तोत्र तुम्ही वाचा. सातवीपासून सुरुवात तुम्ही करा. प्रत्येक भेटीनंतर तिथंच जवळपास दहा मिनिटं दोघी बोला, आणि घरी आल्यावर तीन ओळी लिहा: काय घडलं, माझ्या मनात काय हललं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं. रुग्णाचं नाव वहीत नको. जोडीदार आजारी पडली तर त्या आठवड्यात भेट नाही. एकटीनं 'निभावून नेण्याचा' मोह पहिल्यांदा इथेच होतो आणि माणसं इथेच होरपळतात.

पाळकांकडून पाच गोष्टी आधीच ठरवून घ्या: मी कोणाला उत्तरदायी, आठवड्याचे तास किती, कधीपर्यंत, शिकवणार कोण, आणि थांबायचं असेल तर कसं. चांगला पाळक या प्रश्नांनी सुखावेल. 'देवाच्या कामात हिशेब कसला?' असं उत्तर आलं, तत्काळ हो म्हणा असा दबाव आला, घरच्यांपासून काही लपवायला सांगितलं किंवा पैशाची मागणी झाली, तर मनातली भीती खरोखर इशारा देते आहे. अशा भीतीचं ऐकायचं.

एकटीनं निर्णय घेऊ नका. अंत्युखियातही बर्णबा आणि शौल यांचं पाचारण उपास आणि प्रार्थना करत असलेल्या मंडळीनं ऐकलं होतं. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या मंडळींची एक जुनी पद्धत इथे फार उपयोगी पडते. चार-पाच माणसं निवडा. एक तुम्हाला दहा वर्षांहून जास्त ओळखणारं, एक हे काम केलेलं, एक तुम्हाला तोंडावर 'नाही' म्हणू शकणारं. नुसती कौतुक करणारी माणसं बोलावली तर बैठक वाया गेली. दोन्ही मैत्रिणींना या वेळी बोलावू नका, त्यांचा निकाल लागून गेलेला आहे. आपला पेच एका पानावर लिहून आधी पाठवा. मग दोन तास बसा, आणि नियम एकच: त्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला नाही, आपले अनुभव नाहीत, आडून सुचवणारे प्रश्नही नाहीत. 'तू समुपदेशकाकडे का जात नाहीस?' हा प्रश्न नसून सल्ला आहे. 'रुग्णाजवळ बसल्याची कल्पना करतेस तेव्हा तुला काय दिसतं?' हा खरा प्रश्न. कुणीतरी एकानं वही घेऊन उत्तरं टिपावीत. आपलीच वाक्यं आठवड्यानं वाचताना पुष्कळ काही लक्षात येतं.

पतींचं 'तुला योग्य वाटेल ते कर' हा होकार नाही. विरोध नाही, इतकंच. भेटीचा दिवस कोणता, त्या संध्याकाळी मुलांकडे कोण, तुम्ही उदास होऊन घरी आलात तर त्यांनी काय करावं, हे त्यांच्याशी बसून बोला. त्यांनाही भीती असेल, आणि त्यांना ती कोणी विचारलेली नाही.

नोकरी तूर्त सोडू नका. पौल करिंथात तंबू शिवत होता, आणि त्यानं त्याचं प्रेषितपण उणं झालं नाही. वर्गातली गणितं हीसुद्धा देवानं दिलेली सेवा आहे. हातची सेवा खालच्या पायरीची आणि मनातली वरच्या पायरीची, असं ठरवून टाकू नका. चॅप्लेनच्या प्रशिक्षणात रुग्णाशी झालेलं संभाषण आठवून शब्दशः लिहायचं असतं आणि मार्गदर्शकापुढे वाक्यावाक्यानं तपासायचं असतं. ते सोपं नसतं, आणि बारा आठवड्यांची वही हाताशी असली तर त्यात शिरताना काय मागितलं जाणार हे तुम्हाला कळलेलं असेल. त्यानंतरही किमान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि पतींचा स्पष्ट होकार, हे दोन्ही असल्याशिवाय राजीनामा नको.

चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यानंतर वही काढून जोडीदारासह वाचा. भेटीआधी भीती वाटली का, याकडे फार लक्ष देऊ नका. ती बाराव्या आठवड्यातही असेल. भेटीनंतर काय झालं ते बघा. थकवा झोपेनं उतरतो की दिवसेंदिवस साचतो? घरी आल्यावर मुलांशी तुम्ही अधिक मायेनं वागता की चिडचिड वाढते? रुग्णाचं तुम्हाला कुतूहल वाटतं, की आपण कसं बोललो याचंच? आणि ज्यांना भेटलात ते पुन्हा बोलावतात का? सोळाव्या शतकात येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेला एक नियमही पाळा: मन कोरडं आणि काळवंडलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. एखाद्या रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या आठवड्यात 'आता पुरे' वाटलं, तर ते लिहून ठेवा आणि ठरलेल्या तारखेपर्यंत थांबा.

बाराव्या आठवड्यानंतर उत्तर 'नाही' आलं, तर तेही उत्तरच आहे. कदाचित तुमची जागा रुग्णाजवळ नसून, घरी परतलेल्या शोकग्रस्त कुटुंबाजवळ असेल. कदाचित इतर भेट देणाऱ्यांचं वेळापत्रक सांभाळण्यात असेल. हे काम गणिताच्या शिक्षिकेइतकं नीट क्वचितच कोणी करतं, आणि त्यावाचून रुग्णभेटीची सेवा दोन-तीन महिन्यांत विस्कळीत होते.

या आठवड्यात करायचं काम एकच. पाळकांना सांगा: 'मला भीती वाटते. एकटी जाणार नाही. बारा आठवडे कोणाबरोबर जाऊ ते सांगा.' वडिलांचंही त्याच वेळी सांगा, म्हणजे ते पहिली भेट कोणाच्या तरी घरची ठरवतील.